सोमाली पद्धतीचा भाज्यांचा मरक

सोमाली स्वयंपाकात मांसाला मानाचे स्थान असले, तरी बटाटा, गाजर, लाल भोपळा, भेंडी आणि टोमॅटो घालून केलेला पातळ रस्सा, म्हणजेच मरक, हीच त्या खाद्यसंस्कृतीची सर्वांत सोपी ओळख आहे असे मला वाटते. त्याचा जीव हवाश या मसाल्यात असतो. जिरे, धणे, काळी मिरी, वेलची, लवंग आणि दालचिनी मंद आचेवर, जिऱ्याचा रंग किंचित गडद होऊन खमंग वास सुटेपर्यंत कोरडेच भाजावे, पूर्ण गार झाल्यावर दळावे आणि हळद मात्र शेवटी मिसळावी, कारण भाजताना ती चटकन करपते. या मसाल्यात लाल तिखट नसते, हे मला विशेष आवडते. तिखटपणा बाजूला वाढलेल्या बसबास या मिरचीच्या चटणीतून ज्याने त्याने आपल्या बेताने घ्यायचा असतो.

कांदा तेलात मऊ झाला की लसूण, टोमॅटो आणि चौघांच्या रश्श्याला दोन चहाचे चमचे हवाश घालून तेल सुटेपर्यंत परतावे. मग बटाटा, गाजर आणि गरम पाणी, ते अर्धवट शिजल्यावर भोपळा आणि सर्वांत शेवटी भेंडी घालावी. भोपळ्याच्या फोडींच्या कडा विरघळून रश्श्याला आपोआप दाटपणा येतो, म्हणून दाण्याचे कूट किंवा खोबरे घालण्याचा मोह आपण कटाक्षाने टाळावा. मरकासोबत आंबवलेल्या पिठाचा जाळीदार अंजेरो किंवा पदर सुटलेली सबायद खातात. भात असेल, तर शेजारी पिकलेले केळे ठेवण्याची तिकडे पद्धत आहे, आणि मसालेदार घासाबरोबर ते खरोखरच फार छान लागते.