आडतीच्या पट्ट्या हायबरनेटवर नेताना

लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाचा प्रोग्राम माझ्याकडे आला, तेव्हा तो जावात होता आणि त्यातलं सगळं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, हाताने लिहिलेलं होतं. पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर, एक रकाना वाढवायचा म्हटलं की इन्सर्ट, अपडेट, सिलेक्ट या सगळ्या आज्ञा शोधत हिंडायचं. त्यात मालकांनी उदगीरला दुसरं दुकान काढलं आणि डेटाबेस दुकानातल्या मशीनवरून मुंबईच्या क्लाउड सर्व्हरवर न्यायचं ठरलं. एवढं हलवायचंच आहे तर ओआरएमवर, म्हणजे प्रोग्राममधल्या वस्तू आणि डेटाबेसातली टेबलं जोडणाऱ्या साधनावर जाऊ, म्हणून जावासाठीचं हायबरनेट घेतलं. ते २००१ पासून आहे, तेव्हा नवलाईचा धोका नव्हता.

प्रोग्रामच्या दृष्टीने पट्टी ही एक सलग वस्तू: शेतकरी, कट्ट्यांच्या ओळी, खाली हमाली-तोलाईची कपात. डेटाबेसात तीच चार टेबलांत विखुरलेली. हे दोन्ही जुळवून देणं एवढंच ओआरएमचं काम.

मालकांची अट एकच, सोयाबीनचा हंगाम उतरेपर्यंत टेबलांना हात लावायचा नाही. हायबरनेट टेबलं स्वतः बनवूही शकतं, बदलूही शकतं. ती सोय मी बंद केली आणि सेटिंग ‘व्हॅलिडेट’वर ठेवलं. मग ते सुरू होताना फक्त तपासतं, आणि जुळलं नाही तर उठतच नाही. ते लगेच अडलं. रकमेचा रकाना ‘डबल’ प्रकारचा, म्हणजे आकडा बायनरीत ठेवणारा होता आणि मी क्लासमध्ये नेमका दशांश ठेवणारं बिगडेसिमल घेतलं होतं. ०.१ सारखा आकडा बायनरीत नेमका मावत नाही, त्यामुळे बेरजेत पैशांचा फरक पडतो. मुनीमजी तो फरक वर्षानुवर्षं किरकोळ खर्चात टाकत आले होते. रकाना डेसिमल करायला मालक लगेच राजी झाले. पैशांचं नाव निघाल्यावर अटी सैल होतात.

पट्टी क्रमांक दर हंगामात एकपासून सुरू होतो, म्हणून हंगाम आणि क्रमांक मिळून किल्ली, म्हणजे पट्टी ओळखायची खूण, करावी लागली. त्यासाठी वेगळा क्लास, त्यात दोन किल्ल्या एकच आहेत का हे ठरवायला इक्वल्स आणि हॅशकोड. कंटाळवाणं काम, पण सरळ.

खरी परीक्षा दिवसाच्या यादीची. चाचणीत तीनशे पट्ट्यांचा दिवस उघडला आणि मुनीमजी म्हणाले, “सर, नुसतं चक्रच फिरायलंय की!” मी एसक्यूएल छापायचं सेटिंग चालू केलं. एका क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला केलेल्या एका विचारणेत, पट्ट्या येत होत्या, आणि मग प्रत्येक पट्टीसाठी शेतकऱ्याची एक, ओळींची एक, कपातीची एक. म्हणजे जवळपास नऊशे. डेटाबेस शेजारीच असता तर हे कळलंही नसतं; मुंबईपर्यंतच्या एका फेरीला वीस मिलिसेकंद धरले तरी अठरा सेकंद होतात. यादीची एक क्वेरी आणि तिच्यातल्या एन वस्तूंसाठी आणखी एन, यालाच एन प्लस वन म्हणतात.

इलाज जॉइन फेच, म्हणजे जोडलेली टेबलं एकाच क्वेरीत आणणं. पण ओळी आणि कपात या दोन्ही लिस्ट एकाच क्वेरीत मागितल्या की हायबरनेट सरळ नकार देतं, कारण प्रत्येक ओळ प्रत्येक कपातीशी गुणली जाऊन निकाल फुगतो. लिस्टच्या जागी सेट (तीच वस्तू दोनदा न ठेवणारा संच) वापरा म्हणजे नकार थांबतो, असा सल्ला सर्रास मिळतो. नकार थांबतो, गुणाकार तसाच राहतो. मी शेतकरी आणि ओळी जॉइन फेचने आणल्या, कपातीला पन्नासचा बॅच साइज दिला, म्हणजे एका क्वेरीत पन्नास पट्ट्यांच्या कपाती. नऊशेच्या जागी सात क्वेऱ्या.

गावनिहाय आवक आणि थकीत उचल हे रिपोर्ट मात्र मी ओआरएममधून काढलेच नाहीत. तिथे बेरजा हव्या असतात, वस्तू नव्हे; साधं एसक्यूएल लिहिलं. ओआरएम घेतलं म्हणजे एसक्यूएल विसरता येतं, असं कुणी सांगितलं तर त्याला एकदा ते छापायचं सेटिंग चालू करायला सांगावं.

हंगाम उतरल्यावर पट्टीच्या टेबलात व्हर्जनचा, म्हणजे दर बदलाला वाढणाऱ्या आकड्याचा रकाना घातला. आता लातुरात उघडलेली पट्टी तेवढ्यात उदगीरवाल्यांनी बदलून सेव्ह केली, तर इथलं सेव्ह नाकारलं जातं आणि ‘पट्टी दुसरीकडे बदलली आहे, पुन्हा उघडा’ असं पडद्यावर येतं. मुनीमजी ते वाचतात आणि आधी उदगीरला फोन लावतात.