तुम्ही विचारलंत म्हणून: 'पॅकिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

भाषांतर करणारे हा प्रश्न हमखास विचारतात, आणि त्यांना एकच शब्द हवा असतो. तसा तो नाही. मराठीत आधी विचारायचं, सामान कशात आहे? गाठोडं बांधतात, वळकटी वळतात, ट्रंक आणि बॅग भरतात, पथारी आवरतात. एकूण गडबडीला 'बांधाबांध' चालतं. दोऱ्या गेल्या, चेन आल्या, तरी आपण घर बदलताना सामान 'बांधतोच'.

बांधण्यावरूनच आकारही कळतो. कापडाच्या टोकात मूठभर जिन्नस, नाणी किंवा ओवा, गाठ मारून ठेवला की ती पुरचुंडी. काखेत मावेल ते बोचकं. डोक्यावर किंवा पाठीवर घ्यावं लागतं ते गाठोडं, आणि त्याच्या नावातच गाठ आहे. चादर लांबट असेल तर दुमडून जवळजवळ चौरस करायची, कठीण वस्तू मधोमध आणि त्यांच्या भोवती कपडे. समोरासमोरचे दोन कोपरे आधी घट्ट बांधायचे, मग उरलेले दोन त्या गाठीवरून. इथे सुरगाठ मारली तर वाटेत सुटते. निरगाठ मारली तर सुटत नाही, पण मुक्कामी दात लावावे लागतात.

वळकटी म्हणजे नुसती गुंडाळी नव्हे. सतरंजीवर अंथरूण पसरून दोन्ही लांब कडा आत दुमडायच्या, उशीच्या बाजूने वळत जायचं आणि दोरी दोन ठिकाणी आवळायची. मधे एकच दोरी बांधली की दोन्ही टोकं भोंग्यासारखी फुलतात. प्रवासात अंथरूण न्यायच्या होल्डॉल नावाच्या पिशवीने हेच काम कॅनव्हास आणि पट्ट्यांवर सोपवलं.

फारसीतला 'बस्ता' म्हणजेही बांधलेलं; बंदोबस्तातला 'बस्त' तोच. गंमत अशी की हिंदीत मूल बस्ता घेऊन शाळेत जातं आणि वडील दफ्तरात. मराठीत मूल दप्तर घेऊन जातं आणि बस्ता लग्नाच्या कापडखरेदीसाठी बांधतात. दप्तर म्हणजे मुळात कागदपत्रं. ती कापडात बांधून ठेवत, त्या कापडाला आणि गठ्ठ्यालाही रुमाल म्हणत. पोथी गुंडाळायचं कापड ते बासन. पोथी बासनात जपून राहते, सरकारी अहवाल मात्र 'बासनात गेला' म्हणजे संपला!

खरी चूक होते ती छटांमध्ये. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावरचं आच्छादन. ते गुंडाळलं की स्वार निघाला. पण आज 'कंपनीने गाशा गुंडाळला' म्हटलं की ती बुडाली किंवा हरून परतली, असाच अर्थ निघतो. नव्या इमारतीत गेलेल्या कचेरीला तो लावू नका. तिथे 'बिऱ्हाड हलवलं' पुरे, तेही थोडं घरगुतीच. 'चंबूगबाळं आवर' हे तर हाकलणंच. चंबू म्हणजे पाण्याचं भांडं, गबाळं म्हणजे कसंबसं गोळा केलेलं सामान. पाहुण्यांना कळवताना ते लिहिलंत तर पाहुणे परत येणार नाहीत. 'बाडबिस्तरा' त्या मानाने सौम्य, पण त्यातही 'केवढा हा पसारा' असा सूर आहेच. जास्तीच्या कपड्यांना माझ्या मते खोगीरभरतीइतका नेमका शब्द दुसरा नाही: खोगिरात चिंध्याच भरत.

विमान कंपनीच्या सूचनेत यातलं काहीही नको. तिथे 'सामान' आणि 'हातातली बॅग' लिहा. 'केबिन बॅग' लिहिलंत तरी कुणी अडणार नाही. एसटीत 'लगेज' कधीच रुळलं आहे आणि लोक 'लगेजचं तिकीट' काढतात. मोजताना जुना शब्द 'डाग' होता, सामानाचा एकेक नग. पण आज यादीखाली 'एकूण सात डाग' असं लिहाल, तर वाचणाऱ्याला लाँड्रीची पावती वाटेल. 'नग' लिहा.