माझीच खूण, माझीच फुली

गेल्या महिन्यात आम्ही चार फिजिओथेरपिस्टनी आपापसांत एक परीक्षा घेतली: स्नायूतला 'ट्रिगर पॉइंट', म्हणजे दाबला की ओळखीचं दुखणं, कधी दूरवरही, जागवणारी गाठ, बोटांना नेमकी सापडते का? मला वाटलं होतं, मीच पहिली येणार.

पेशंट म्हणजे शिवणकाम करणाऱ्या एक काकू. उजवा खांदा पुढून, आत खोलवर दुखायचा. एमआरआयमध्ये वयाला शोभेल एवढीच झीज. अशा वेळी दुखतं पुढे, पण हात घालायचा मागे, हे पेशंटला पटवणं हेच अर्धं काम. खांद्याच्या पात्यावर मागच्या अंगाला इन्फ्रास्पायनॅटस नावाचा स्नायू असतो. तो दाबला की कळ पुढे उतरते. यात जादू काही नाही. केल्ग्रेन या डॉक्टरांनी 1938 मध्येच स्नायूंत तीव्र मिठाचं पाणी टोचून दाखवलं होतं की दुखणं भलतीकडेही उमटतं.

शोधायची रीत अशी. तंतूंना आडवं बोट फिरवलं की ताणलेल्या सुतळीसारखा पट्टा लागतो. मग त्या पट्ट्यावरून सरकत जायचं, दाब न वाढवता. नवशिके इथेच चुकतात. अंगठा खुपसला तर कुणीही कळवळेल! 'दुखतंय का' हा प्रश्नच नसतो, 'हे ओळखीचं आहे का' हा असतो. कधी कधी बोटाखाली स्नायू फडकन उडतो. पंधरा वर्षांत मला या बोटांचा गर्वच झाला होता.

तर परीक्षा. एकेकानं आत जायचं, तपासायचं आणि फक्त अतिनील दिव्याखाली दिसणाऱ्या शाईनं ठिपका द्यायचा. दुपारी पुन्हा तेच, या वेळी फुली. काकूंनी आनंदानं होकार दिला होता.

संध्याकाळी दिवा लावला. चौघांचे ठिपके चार दिशांना, ते एक वेळ ठीक. पण माझा ठिपका आणि माझीच फुली यांच्यात तीन बोटांचं अंतर! आणि दोन्ही ठिकाणी काकू म्हणाल्या होत्या, "हेच, हेच ते."

आमचे एक ज्येष्ठ सहकारी लगेच म्हणाले, "पॉइंट सरकला असेल." दोन दिवसांची कार्यशाळा घेऊन प्रमाणपत्रं वाटणाऱ्या माणसाकडून दुसरं काय ऐकायला मिळणार? सकाळपासून चार जणांनी दाबल्यावर तो स्नायू पहिल्यासारखा राहिला नसेल, ही शंका मात्र खरी आहे. तिच्या आड मला लपायचं नाही, एवढंच.

घरी येऊन जुने निबंध काढले. ट्रिगर पॉइंटचे नकाशे ट्रॅव्हेल आणि सायमन्स या डॉक्टरांनी 1983 मध्ये ग्रंथरूपानं मांडले. 1992 मध्ये तज्ज्ञांना रुग्ण आणि निरोगी माणसं ओळख न देता तपासायला दिली, तेव्हा त्यांचं एकमेकांशी फारसं जुळलं नाही. त्या निबंधाच्या लेखकांत खुद्द सायमन्स आहेत. 1997 मध्ये गर्विन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तपासणाऱ्यांनी आधी एकत्र सराव केला तर जुळतं. पण मग जुळतं ते काय? स्नायूतली वस्तू, की आमची सवय? 2015 मध्ये क्विंटनर, बोव्ह आणि कोहेन यांनी तर ट्रिगर पॉइंटचा अख्खा सिद्धांतच मोडीत काढला. उलट शाह यांच्या गटाला सूक्ष्म सुईनं अशा जागी आम्लता आणि वेदना जागवणारी रसायनं वाढलेली सापडली आहेत. ते वाचलं की पुन्हा बोटांवर विश्वास बसायला लागतो.

पुढच्या आठवड्यात काकूंच्या संमतीनं मी मुद्दाम ठिपका आणि फुली यांच्या मधोमध दाबलं. दीड मिनिट, श्वासाच्या लयीत. किती दाबावर दुखतं ते सांगणाऱ्या अल्गोमीटर या यंत्रानं आधी आणि नंतर मोजलं. आता जास्त दाब सोसवत होता. हातही वर गेला. एका पेशंटवरून, तेही मीच दाबून मीच मोजल्यावर, काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं.

काकूंनी नेहमीचं विचारलं, "गाठ फुटली का गं?"

एरवी मी हो म्हणून मोकळी होते. या वेळी म्हटलं, "काकू, गाठ होती की नाही, तेच बघतेय."

"अगं बाई," त्या ब्लाउजची बाही सारखी करत म्हणाल्या, "मग इतके दिवस दाबत काय होतीस?"