मों-सँ-मिशेल: आधी आव्राँश गाठा

फ्रान्समधल्या नॉर्मंडीत समुद्रातल्या खडकावर असलेला मठ, मों-सँ-मिशेल, पाहायला निघाला असाल तर एक रात्र जवळच्या आव्राँश गावात काढा. बहुतेक जण पॅरिसहून एका दिवसात जाऊन येतात आणि ज्या गावात या मठाची गोष्ट सुरू होते ते गावच राहून जातं.

तिथल्या सँ-जर्व्हे चर्चमध्ये एक कवटी जपली आहे. ती आव्राँशचा बिशप (ख्रिस्ती धर्मप्रमुख) ऑबेर याची असं मानतात. तिला बोट जाईल एवढं भोक आहे. कथा अशी: 708 साली देवदूत मिखाएलने ऑबेरला दृष्टांत दिला, त्या समुद्रातल्या खडकावर माझं स्थान बांध. ऑबेरने दोनदा मनावर घेतलं नाही, तेव्हा तिसऱ्यांदा देवदूताने त्याच्या डोक्यात बोट रुतवलं. कवटीसमोर मी बराच वेळ उभा होतो. नवव्या शतकातल्या सर्वांत जुन्या लॅटिन वृत्तांतात मात्र तिसऱ्या खेपेला देवदूत अधिक कठोर झाला, एवढंच आहे. भोक पुढच्या काळात कथेत आलं. चोरून नेलेला बैल जिथे बांधलेला सापडेल तिथेच बांधकाम कर, ही खूण मात्र त्या जुन्या वृत्तांतातच आहे. पुढे ऑबेरने इटलीतल्या गार्गानो डोंगरावर, मिखाएलच्या जुन्या तीर्थस्थानी, माणसं पाठवून देवदूताच्या लाल वस्त्राचा तुकडा आणवला.

मठ म्हणून सुरुवात 966 ची. नॉर्मंडीचा ड्यूक पहिला रिचर्ड याने खडकावर बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाचे साधू आणले. माथ्यावरचं मोठं चर्च 1023 पासून बांधायला घेतलं.

त्या चर्चच्या पोटात नोत्र-दाम-सू-तेर हे दहाव्या शतकातलं जमिनीखालचं प्रार्थनास्थळ आहे. तिथली एक ओबडधोबड दगडी भिंत ऑबेरच्या मूळ देवळाची असावी, असं मानतात. तिथे नेहमीच्या तिकिटावर जाता येत नाही, मार्गदर्शकासोबतची फेरी घ्यावी लागते. तिकीट खिडकीवर आधी विचारा; माझ्या मते सगळ्या मठात हीच जागा चुकवू नये.

गाडी सुमारे अडीच किलोमीटर अलीकडेच ठेवावी लागते. तिथून मोफत बस आहे. पायऱ्या साडेतीनशेच्या आसपास, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना सोबत घेतलंत तर सकाळी लवकर चढा. 1 जानेवारी, 1 मे आणि 25 डिसेंबरला मठ बंद असतो.

पायथ्याशी खडकावर ऑबेरच्या नावाचं छोटं चॅपल आहे. ओहोटी असेल तरच त्या बाजूला जा, भरतीचं वेळापत्रक आदल्या रात्री पाहून ठेवा आणि वाळूत वाटाड्याशिवाय दूर चालू नका. पाणी फार वेगाने येतं, आणि मध्येच रुतवणारी वाळूही आहे.