बावीस वॉटचा दणका

नाशकात साउंडचा धंदा करायचा म्हणजे वर्षाचं गणित ठरलेलं असतं. गणपती, नवरात्र, मग लग्नसराई, अधूनमधून गावोगावचे हरिनाम सप्ताह, आणि निवडणूक लागली तर सभा. गिऱ्हाईक कुठलंही असो, मागणी एकच: "आवाज दणकून पाहिजे." गंगापूर धरणाच्या अंगाला एका द्राक्षबागेत ब्लूज-रॉक बँडचा कार्यक्रम आहे, असा फोन आला तेव्हा आयोजकानंही हेच वाक्य टाकलं. सुलाफेस्ट, म्हणजे इथल्या सुला वाइनवाल्यांचा संगीत महोत्सव, २००८ साली सुरू झाला तेव्हापासून असली कामं आमच्या भागात येतात, त्यामुळे मी काही दचकलो नाही. दोन दिवसांनी बँडचा टेक रायडर आला. रायडर म्हणजे त्यांना स्टेजवर काय काय लागणार त्याची यादी.

चौघं जण. गिटार वाजवत गाणारा एक, बेस, ड्रम्स आणि ऑर्गनवाला. गिटारपुढे लिहिलं होतं: व्हॉल्व्हचा अँप, बावीस वॉट, बारा इंची एकच स्पीकर. अँप म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, आणि व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्या.

माझ्याकडचा पोरगा ते वाचून खिदळला. "दादा, बावीस वॉटमध्ये तर आमच्या गल्लीत सत्यनारायणसुद्धा होत नाही!" आमच्या गोडाऊनमधला एकेक सबवूफर हजार वॉटच्या पुढचा, त्यामुळे त्याचं हसणं बरोबरच होतं. पण वॉट आणि कानाला लागणारा आवाज यांचं नातं सरळ नसतं. वॉट दहापट केले की आवाज कानाला जेमतेम दुप्पट वाटतो. म्हणजे बावीसच्या जागी दोनशे वीस वॉट लावले तरी फरक दुपटीचाच. शिवाय व्हॉल्व्हची गंमत अशी, की त्याला त्याच्या कुवतीपलीकडे रेटलं तर आवाज एकदम फाटत नाही. हळूहळू खरखरीत होतो, जाड होतो, गळा बसलेल्या गायकासारखा. ट्रान्झिस्टरचा अँप हद्द ओलांडली की सरळ कोकलतो. या लोकांना ती खरखरच हवी असते आणि ती अँप पूर्ण खोलल्याशिवाय येत नाही. शंभर वॉटचा अँप पूर्ण खोलला तर पुढच्या दोन रांगा उठून जातील. म्हणून बावीस.

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. ते विजेवर आलं त्याचं कारण तर कुठल्याही साउंडवाल्याला लगेच पटेल. ब्लूज गाणारा-वाजवणारा मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीतलं शेतमळ्यावरचं काम सोडून शिकागोला गेला आणि तिथल्या बारमध्ये वाजवू लागला. पिणाऱ्यांच्या गोंगाटात साध्या लाकडी गिटारचा आवाज कोणाला जाणार? मग त्यानं इलेक्ट्रिक गिटार घेतली. त्या काळचे अँप लहान, ते ताणून वाजवायचे म्हणजे फाटणारच. पुढे तो फाटका आवाजच लोकांच्या कानात बसला. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या पोरांनी त्या रेकॉर्डी ऐकून तेच आणखी जोरात वाजवायला घेतलं, तेव्हा ब्लूज-रॉक झालं. १९६६ मध्ये तिथल्याच जॉन मेयॉलच्या ब्लूज बँडबरोबर गिटारवाला एरिक क्लॅप्टन रेकॉर्डिंगला बसला, तेव्हा स्टुडिओतही त्यानं अँप स्टेजवर वाजवतात तितकाच मोठा ठेवला. काचेपलीकडच्या त्या इंजिनिअरची मला फार दया येते.

असो. आम्ही दुपारी एकला बागेवर पोचलो. द्राक्षाचा सीझन सुरू होता, एका बाजूला तोडणीचे प्लास्टिकचे क्रेट रचलेले. स्टेज ठीक होतं, पण वेलींच्या ओळींवर आयोजकानं एलईडीच्या माळा सोडल्या होत्या आणि त्यांचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर नेमका स्टेजच्या मागे, स्टेजच्याच लाइनवर. चारच्या सुमाराला गिटारवाल्यानं जॅक लावला आणि अख्ख्या बागेत घुंऽऽ असा आवाज भरला. तो जिथे तोंड फिरवेल तिथे तो कमी-जास्त व्हायचा. त्याच्या गिटारला सिंगल-कॉइल पिकअप होते. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तारेची गुंडाळी. ती गिटारच्या तारांचं कंपन पकडते, तशी आजूबाजूच्या विजेची गुणगुणही पकडते.

या कामाला आमचे जनरेटरवाले मामा. मामांचं वय साठीच्या पुढे, मूळचे त्र्यंबकच्या बाजूचे, गावातल्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्यांनी डिमर उचलून बागेच्या पार दुसऱ्या टोकाला नेला, माळा महावितरणच्या लाइनवर ठेवल्या आणि स्टेजचं सगळं जनरेटरवर घेतलं. अर्थिंगसाठी सळई ठोकली, पण जमीन मुरमाड. मीटर लावला तर अर्थ काही समाधानकारक दाखवेना. मग मामांनी सळईभोवती हातभर खड्डा घेतला, मीठ आणि कोळसा भरला, वर दोन बादल्या पाणी ओतलं. पाणी मुरेपर्यंत तिथेच उकिडवे बसून तंबाखू मळली. पुन्हा अर्धी बादली. तिसऱ्यांदा मीटर लावला आणि मान हलवली. गिटारवाल्यानं जॅक लावला. घूं अजून होती, पण आता कान देऊन ऐकली तरच.

"थोडी राहू द्या मामा," गिटारवाला म्हणाला. "अजिबात नसली तर मला चुकल्यासारखं होतं."

तो डोंबिवलीचा निघाला. २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पहिला महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल झाला, तिथे बडी गाय या शिकागोच्या ब्लूज गिटारवाल्याला ऐकून हा कॉलेज सोडून गिटारच्या मागे लागला. घरच्यांचं अजून पटलेलं नाही, असं त्यानंच हसत सांगितलं.

साउंड चेकमध्ये दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे, अँप जमिनीवर ठेवला तर त्याचा झोत सरळ पुढच्या लोकांच्या छाताडावर आणि वाजवणाऱ्याच्या फक्त पोटऱ्यांना. मी द्राक्षाचे दोन रिकामे क्रेट उपडे घातले, अँप त्यावर तिरपा, त्याच्या कानाकडे तोंड करून ठेवला. आपोआप त्यानं आवाजाचं बटण खाली आणलं. दुसरी गोष्ट मी आधी कधी पाहिली नव्हती. तो एक सूर धरून अँपसमोर पावलं मोजत फिरायला लागला. एक पाऊल मागे, अर्धं बाजूला, गिटार जराशी वळव. एका जागी तो सूर विरायचा थांबला आणि उलट फुगत गेला. अँपमधून निघालेला आवाज तारेला पुन्हा थरथरवत होता. म्हणजे फीडबॅक. त्यानं खिशातून पांढरी टेप काढून तिथे फुली मारली.

माझं अर्धं आयुष्य फीडबॅक मारण्यात गेलं आहे. पुढाऱ्यानं माइक हातात घेऊन स्पीकरसमोर जायचं, शिट्टी वाजायची, आणि दोन हजार माणसांनी वळून माझ्याकडे बघायचं. आणि हा बाबा शिट्टी कुठे मिळते ते शोधून तिथे खूण करतोय!

सूर्य मावळल्यावर नाशिकची थंडी आपलं काम करते. स्टीलच्या तारा गार झाल्या की आक्रसतात, सूर चढतो. हा पठ्ठ्या जाड तारा लावून सगळं अर्ध्या सुरानं उतरवून वाजवत होता. अमेरिकेतला ब्लूज गिटारवाला स्टीव्ही रे व्हॉन तसं करायचा, त्याचंच वेड. तरी पहिली तीन गाणी दर गाण्यानंतर लोकांकडे पाठ करून खुंट्या पिळणं चालू होतं.

लोक साधारण चारशे. निम्मे मुंबई-पुण्याचे, बाकी कॉलेज रोड-गंगापूर रोडची मंडळी. पहिल्या दोन गाण्यांना सेल्फीच जास्त. तिसरं गाणं शफल होतं, तिनाच्या वजनात डुलत चालणारं. मामा माझ्या कन्सोलशेजारी, म्हणजे साउंडच्या मिक्सरशेजारी, खुर्ची टाकून बसले होते. त्यांची बोटं मांडीवर पडायला लागली. दोन फेऱ्या ऐकल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "चार-चारची बारा आवर्तनं आहेत. चार घरी. पाचव्याला वर गेलं, सातव्याला परत घरी. नवव्याला सगळ्यात लांब जातंय, तिथनं उतरत उतरत बाराव्याला वळण घेऊन पुन्हा पहिल्यापासून."

ट्वेल्व्ह-बार ब्लूज, म्हणजे ब्लूजचा हा बारा आवर्तनांचा ठरलेला साचा, यापेक्षा नीट मला तरी सांगता येणार नाही. पुढच्या फेरीला नववं आवर्तन आलं की मामा बोट वर करायचे, आणि बेसवाला बरोबर तिथेच जायचा. थोड्या वेळानं म्हणाले, "तो गंधार कुठला लावतोय? कोमल नाही, शुद्ध पण नाही. पेटीत हा सूर बसत नाही." खरं होतं. गिटारवाला तार बोटानं ओढून मधल्या सुरावर नेत होता. ऑर्गनवाल्याला ती सोय नाही, म्हणून तो दोन्ही गंधाराच्या पट्ट्या एकदम दाबून तसा भास करत होता.

नऊच्या पुढे त्यांनी संथ ब्लूज घेतला. सुरुवातीला मीटरवर ९५-९६ डेसिबल. दोन कडवी झाली, गिटारचा तुकडा सुरू झाला, आणि मध्येच त्यानं गिटारवरचं बटण करंगळीनं खाली आणलं. अँपची खरखर गेली, स्वच्छ, बारीक सूर राहिला. ड्रमवाल्यानं काठ्या टोकाशी धरल्या. ऑर्गनवाल्यानं पायातलं पेडल सोडलं. मीटर ८०, ७४, मग ७० च्या खाली. मागच्या रांगांतली बडबड मला कन्सोलवर ऐकू यायला लागली आणि मग तीही थांबली.

माझे हात फेडरवर, म्हणजे आवाज चढवायच्या-उतरवायच्या सरकत्या बटणांवर, होते आणि ते वर जायला शिवशिवत होते. आवाज पडला की चढवायचा, ही आमची सवय रक्तात भिनलेली. तेवढ्यात आयोजक पळत आला. "काय झालं? आवाज गेला का? वाढवा ना!"

"गेला नाही. त्यानं उतरवलाय."

"अहो, पण मागच्यांना ऐकू येत नाही!"

"म्हणूनच गप्प बसलेत," मी म्हटलं आणि दोन्ही हात कन्सोलवरून उचलून खिशात घातले. तो माझ्याकडे बघत राहिला. मी तिथे फेडर चढवला असता, तर पुढे जे आलं त्याला जागाच उरली नसती. दोन अख्ख्या फेऱ्या त्यांनी तसंच, नखानं खरवडल्यासारखं वाजवलं. मग तो चालत चालत त्या पांढऱ्या फुलीवर आला, बटण पूर्ण उघडलं आणि एकच सूर मारला. ड्रम, बेस, ऑर्गन सगळे एकदम आत. सूर संपायला हवा तिथे संपला नाही, फुगला आणि वरच्या सप्तकात उडी मारून तिथेच थांबला. आयोजकानं कान झाकले आणि लगेच काढलेही. लोक उभे राहिले होते. मीटरवर १०१ दिसले आणि माझा एकही फेडर हलला नव्हता.

दहाला पाच कमी असताना मी ड्रमवाल्याला टॉर्च दाखवला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षाकाठी पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण त्या दिवसांत ही तारीख नव्हती. आणि धरणाच्या कडेला थंडीत तर जास्तच सांभाळावं लागतं. रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली उतरतो, त्यात मध्ये नुसतं पाणी. पलीकडच्या गावाला आपण त्यांच्या अंगणात वाजवतोय असं वाटतं. "वन्स मोअर"चा गजर झाला, आयोजक हात जोडत आला, मी घड्याळ दाखवलं आणि सगळ्या आवाजाचा मास्टर फेडर खाली ओढला. गिटारवाल्यानं तक्रार केली नाही. तो अँप बंद करून व्हॉल्व्ह गार व्हायची वाट बघत क्रेटशेजारी बसला. तापलेले असताना अँप हलवायचा नसतो.

केबल गुंडाळून होईपर्यंत साडेअकरा झाले. आयोजक हिशेबाला आला. खूश होता, तरी डिझेलच्या आकड्यावर बोट ठेवलंच. "लाइट तर होती ना दिवसभर? मग जनरेटर कशाला लावला?"

"लाइटवर लावलं असतं," मामा म्हणाले, "तर चारशे लोकांनी रात्रभर तुमच्या माळाच ऐकल्या असत्या."

त्यानं पैसे दिले. मामांनी दोनदा मोजले, बनियनच्या खिशात घातले आणि सळई उपटायला गेले.