सोलापुरात टॉकीज शोधताना

सोलापूरला जावई म्हणून गेलं की बघायच्या गोष्टी ठरलेल्या असतात. सिद्धेश्वराचं देऊळ आणि तळं, शेजारचा भुईकोट किल्ला, बाहेरूनच महापालिकेची इंद्रभुवन इमारत, आणि मग चादरी. चादरी घेतल्याशिवाय सासुरवाडीची माणसं तुम्हाला गाडीत बसू देत नाहीत. आमच्याकडे आता इतक्या चादरी झाल्यात की पाहुण्यांना पांघरूण कुठलं द्यायचं यावर घरात चर्चा होते. म्हणून या खेपेला सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी उतरलो, चहा झाला, आणि मी बायकोच्या मामांना म्हटलं, "मामा, मला तुमची टॉकीज दाखवा."

लग्न झाल्यापासून या टॉकीजचे किस्से ऐकत आलोय. मामा कापडगिरणीत होते, ते आणि मामी दोघंही सिनेमाचे वेडे. पण टॉकीज आता नाही, हेही तितक्याच वेळा ऐकलेलं.

"तिथं काय हाय आता बघायला?"

"जागा तरी दाखवा."

"जागाच हाय नुसती. बसा मग मागं."

(टॉकीजचं नाव आणि पेठ लिहीत नाही. जागेचं काहीतरी चालू आहे, आणि मामांनी तशी तंबी दिली आहे. सोलापूरकर ओळखतीलच.)

मामांनी स्कूटर आधी उलट्या दिशेला घातली. भैय्या चौकात, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकापाशी. सोलापूरच्या सिनेमाची गोष्ट इथून सुरू होते असं त्यांचं मत. कोटणीस इथले. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जपानी आक्रमणाच्या काळात तिथे जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच गेले. वय बत्तीस. चारच वर्षांनी, १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतःच केली. मामांच्या वडिलांनी तो गावात बघितला होता. "आपल्या गल्लीतला माणूस पडद्यावर! आमचे आबा म्हणायचे, लोकं सिनेमा बघायला कमी आणि सोलापूर दिसतंय का ते बघायला जास्त आले होते." स्मारक नीट ठेवलेलं आहे, सावकाश बघण्यासारखं आहे. पण मामांना घाई होती.

चार पुतळ्यांपाशी सिग्नल लागला. १९३० साली इंग्रजांनी गावात लावलेल्या मार्शल लॉनंतर फाशी गेलेले चार हुतात्मे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मामांनी हँडल न सोडता नुसती मान लववली. दर वेळी लववतात.

मग पूर्व भाग. इथं शिरलं की कान आधी ओळखतात. दर दोन घरांआड यंत्रमागाचा खटाक-खटाक आवाज, आणि त्याच्यावरून बोलायचं म्हणून सगळ्यांचाच चढा सूर. तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली समाजाची ही वस्ती. दुकानांच्या पाट्या मराठीत, दुकानातली भांडणं तेलुगूत, हिशेब पुन्हा मराठीत. पलीकडच्या पेठेत कन्नड. या गावात टॉकीजवाल्याला कुठलाच एक प्रेक्षक धरून चालत नसे. सकाळी तेलुगू, दुपारपासून हिंदी, आणि एखादा मराठी सिनेमा आला की बायकांची गर्दी.

एका कंपाउंडपाशी मामांनी स्कूटर थांबवली. आत दोन टेम्पो, पत्र्याची शेड, टॉवेलचे खोके. डावीकडे जुन्या इमारतीची एकच भिंत उभी राहिलीय, कारण शेडचा पत्रा तिच्यावर टेकवलाय. जमिनीपासून चांगली वीस फूट उंचीवर त्या भिंतीत चौकोनी भोकं आहेत, एका ओळीत. दोन मोठी, दोन लहान. मला वाटलं, वाऱ्यासाठी असतील.

"मोठ्यातून पिच्चर यायचा. बारक्यातून ऑपरेटर बघायचा," मामा म्हणाले.

आम्ही भिंतीकडे माना वर करून बघतोय म्हटल्यावर माणसं जमायला वेळ लागला नाही. रिक्षावाला आला, पानटपरीवाला आला. रिक्षावाला तिशीचा, त्यानं टॉकीज चालू असलेली बघितलेलीच नाही. पण स्टॉपचं नाव अजून तेच सांगतो, कारण दुसरं काही सांगितलं तर पॅसेंजरला कळत नाही. टपरीवाल्यानं फोन लावला आणि दहा मिनिटांत खुद्द ऑपरेटर सायकलवरून आले. पंच्याहत्तरी उलटलेली, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"का बे, मेला नाहीस अजून?" हे मामांचं स्वागत.

"तुला पोचवून मग जाणार," हे त्यांचं.

ऑपरेटरकाकांनी मला जे सांगितलं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलं नसतं. दिवा म्हणजे बल्ब नव्हे. तांब्याचा मुलामा दिलेल्या कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, मध्ये बारीक फट, आणि त्या फटीत पेटणारी ज्योत. कांड्या जळत जातात तशी फट वाढते, म्हणून चाक फिरवून त्या पुढे सरकवत राहायचं. दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडतो आणि पिटातून, म्हणजे पुढच्या स्वस्त जागांवरून, शिट्ट्या. "लोकांना वाटायचं, वर बसून आम्ही फुकट पिच्चर बघलालाव. मी आयुष्यभर बघितलं ते काळ्या काचेतून कार्बन." केबिनमध्ये उष्णता इतकी की मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात बाहेर पडलं तरी गार वाटायचं, असं त्यांचं म्हणणं. वितळून खाली पडलेलं तांबं ते डब्यात जमवायचे आणि मोडीत विकायचे. त्यावर चहा निघायचा.

आणि मशिनं दोन. दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपतं. संपायच्या आधी चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक टिकली चमकून जाते, तेव्हा दुसऱ्या मशिनची मोटर चालू करायची. काही सेकंदांनी दुसरी टिकली. त्या क्षणी याची झडप बंद, त्याची उघडी. हे सांगताना काकांचे दोन्ही हात हवेत आपोआप फिरले, डावा खाली, उजवा वर, आणि मान कलती करून त्यांनी नसलेल्या पडद्याकडे बघून घेतलं. "खाली एकाला जरी कळलं की रीळ बदललं, तर ती माझी चूक." पुढे रिळं येणंच थांबलं. सिनेमा डब्यातून न येता कंप्युटरवर यायला लागला, आणि काकांच्या भाषेत, ऑपरेटरचा वॉचमन झाला.

मामांची आठवण वेगळीच. त्यांना बरीच वर्षं दुसरी पाळी असायची. रात्री गिरणी सुटली की नऊच्या शोचं मध्यंतर होत आलेलं असे. डोअरकीपर ओळखीचा. मध्यंतराला बाहेर आलेली माणसं आत जाताना तो गिरणीवाल्यांनाही त्यांच्यात मिसळून आत सोडायचा, चहापाण्यावर. त्यामुळे मामांनी कितीतरी सिनेमांचा फक्त उत्तरार्ध बघितला आहे. व्हिलन कसा मेला ते माहीत, त्यानं काय केलं होतं ते माहीत नाही. मामी मात्र दुपारी शेजारणींबरोबर मॅटिनीला जायच्या, आणि पाणी भरायची वेळ झाली म्हणून बऱ्याचदा मध्यंतरालाच उठून यायच्या. मग रात्री जेवताना मामी सुरुवात सांगणार, मामा शेवट सांगणार. असा एक-एक सिनेमा त्या घरानं जोडून घेतला. पुढे टीव्हीवर त्यातलाच एखादा अख्खा लागला की दोघं भांडायचे, कारण जोडताना मधली दहा-पंधरा मिनिटं दोघांनीही मनानंच घातली होती.

टॉकीज का बंद पडली असं विचारलं की सगळे एका दमात केबल आणि मोबाइल म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. १८७७ मध्ये सुरू झालेली 'जुनी मिल', नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम मिल... या गावाचं घड्याळ भोंग्यावर चालायचं आणि पगाराच्या संध्याकाळी तिकिटाची रांग रस्त्यावर यायची. गिरण्या एकेक करून गेल्या तेव्हा नुसता रोजगार गेला असं नाही, एकाच वेळी सुटणारी हजारो माणसं गेली. यंत्रमाग राहिले, पण ते घराघरात विखुरलेले. टॉकीजला गर्दी लागते, आणि गर्दी तयार करणारा भोंगाच बंद झाला. मी हे बोलून दाखवलं तर ऑपरेटरकाका म्हणाले, "तसंबी असंल. पण खुर्च्यातले ढेकूणबी लय झाले होते."

तेवढ्यात अक्का आल्या. टपरीवाल्याच्या मावशी. आता कुंभारीच्या विडी घरकुलात राहतात, गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांसाठी जी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिथं. त्या दिवशी बहिणीकडे आल्या होत्या. हातातली पिशवी न ठेवताच बोलायला लागल्या.

"हजार विड्या झाल्याशिवाय सासू सोडायची नाही. मांडीवर सूप, पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. सकाळी लवकर बसायचं, विड्या कारखान्यात टाकायच्या आणि तसंच पिच्चरला. अंगाला तंबाखूचा वास. शेजारची बाई नाकाला पदर लावायची. मग बघितलं तर तीबी विडीवालीच!"

त्यांचा आवडता माणूस म्हणजे तेलुगू सिनेमातला जुना नट एनटीआर. राम तोच, कृष्ण तोच. नवरा म्हणायचा, देवळात जा. अक्का म्हणायच्या, इथं देव चालतो-बोलतो. १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला तेव्हा बायका चपला बाहेर काढून आत बसल्या, पडद्यावर पैसे टाकले. पैसे पुढच्या पिटातली पोरं वेचायची. "त्यातला एक हा," म्हणून अक्कांनी भाच्याकडे बोट केलं. टपरीवाल्यानं नाकारलं नाही, पान लावत राहिला.

आणि पंखे. हे मात्र प्रत्येकानं सांगितलं. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या घरात राहवत नसे. तिकिटाच्या पैशात तीन तास अंधार आणि पंखा मिळायचा, सिनेमा वर. एकच सिनेमा तीनदा बघणाऱ्या बायका सिनेमाच्या वेड्या होत्या असं मी समजत होतो. काही होत्याही.

निघताना मी वहीत नकाशा काढायला घेतला. गेट इथं, सायकल स्टँड तिथं, पिटाचं दार मागून. बायकांच्या तिकिटाच्या खिडकीवर गाडी अडली. मामा म्हणाले उजवीकडे, मी स्वतः तिथं तासन्‌तास उभा राहिलोय. ऑपरेटरकाका म्हणाले डावीकडे, वरनं मला दिसायचं. आवाज चढले. "तुला काय ठावं बे, तू तर मध्यंतरानंतर यायचास!" इथपर्यंत गेलं.

अक्कांनी दोघांनाही थांबवलं. "लेडीजची खिडकी मागच्या बोळात होती. तुम्हाला दिसू नये म्हणूनच तिकडं केली होती."

"मग मी उभा राहायचो ती?" मामांनी विचारलं.

"ती सोडावाल्याची. त्याची उधारी दिलाव का?"