जांभ्यातला आकडा आणि मणक्यातला पेच

मे महिन्यात वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी गेलो, तेव्हा पडवीतल्या जांभ्याच्या भिंतीत बसवलेला कपड्यांच्या दोरीचा आकडा डगमगू लागला होता. सरळ ओढला तर तो निघत नव्हता. पण समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने ओले कपडे सतत झुलत राहिल्यामुळे त्याच्याभोवतीचे भोक तोंडाशी रुंद झाले होते. सुतारकाकांनी आकडा बोटाने हलवून पाहिला आणि म्हणाले, “खिळ्याचो काय दोष? भोक मोठा झाला.” त्याच आठवड्यात आईच्या कमरेचा नवा एक्स-रे हाती आला. दोन वर्षांपूर्वी तिच्या चौथ्या व पाचव्या कंबरमणक्यांत आणि त्याखालच्या त्रिकास्थीत, म्हणजे कण्याच्या तळाच्या त्रिकोणी हाडात, पेच बसवले होते, आणि त्रिकास्थीतल्या दोन्ही पेचांभोवती आता एक बारीक काळी रेषा दिसत होती. पेच शाबूत होते; त्यांच्याभोवतीचे हाड झिजले होते.

मी पेशाने यांत्रिक अभियंता आहे आणि गेली काही वर्षे असेच पेच आरेखित करतो, त्यामुळे ती रेषा पाहून मला आश्चर्य वाटले नाही, ओशाळल्यासारखे मात्र झाले.

मणक्याच्या मागच्या बाजूस असलेल्या देठासारख्या भागातून, म्हणजे पेडिकलमधून, पुढच्या मुख्य गाभ्यात पेच घालण्याची पद्धत पॅरिसचे शल्यचिकित्सक रेमंड रॉय-कामीय यांनी १९६३ पासून रूढ केली. देठाची भिंत टणक असते, तर गाभा आतून जांभ्यासारखाच सच्छिद्र; म्हणूनच पेच उपटून काढण्यास होणाऱ्या विरोधापैकी साधारण ६० टक्के वाटा एकट्या देठाचा धरला जातो. आजचे अनेक पेच ही गोष्ट ओळखून दोन प्रकारच्या आट्यांचे केलेले असतात: देठात बसणाऱ्या भागावर जवळजवळ आणि बारीक आटे, गाभ्यात शिरणाऱ्या टोकाकडे विरळ आणि खोल आटे. त्रिकास्थीची अडचण अशी की तिथला देठ रुंद असतो आणि आत बहुतांशी पोकळ जाळीच असते, त्यामुळे पेचाला धरायला टणक भिंत मिळत नाही. म्हणून शल्यचिकित्सक पेचाचे टोक पुढच्या कडक कवचापर्यंत नेण्याचा प्रयत्न करतात. वय झालेल्या, ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडांचा ठिसूळपणा असलेल्या बाईच्या बाबतीत ती जाळीही विरळ झालेली असते.

आमच्या क्षेत्रात पेचाची ताकद मोजण्याची सोपी रीत म्हणजे हाडासारख्या पॉलियुरेथेनच्या फेसाळ ठोकळ्यात तो घालून सरळ उपटणे. मोजणीचा आकडा छान येतो आणि माहितीपत्रकातही तोच छापला जातो. प्रत्यक्षात माणूस वाकतो, उठतो, चालतो, आणि पेच हळूहळू वर-खाली डुलतो, अगदी गाडीच्या काचेवरच्या वायपरसारखा. त्या डुलण्याने हाड दाबले जाते, भोक रुंदावते आणि मग उपटायला जोरच लागत नाही. माझे स्पष्ट मत आहे की उपटण्याच्या चाचणीला आम्ही गरजेपेक्षा जास्त मान दिला आहे. पेच आणि त्यांना एकमेकांशी जोडणारा दांडा यांची जुळणी लाखो आवर्तनांपर्यंत वाकवून पाहण्याची प्रमाणित चाचणीही आहे, परंतु तिच्यात पेच कडक प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात रोवलेले असतात, म्हणजे धातू थकतो का एवढेच कळते. हाड थकते का, हे कळत नाही.

धातूबद्दलही थोडे सांगायला हवे. टायटेनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूचा ताठरपणा सुमारे ११० गिगापास्कल, तर टणक हाडाचा १५ ते २० च्या आसपास असतो; स्टीलचा जवळपास २०० असल्यामुळे त्या मानाने टायटेनियम बरे. शिवाय हाड टायटेनियमला घट्ट बिलगते, हे स्वीडनचे ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकातच आढळले होते. पण बिलगायला महिने लागतात आणि तोवर पेच डुलत राहिला तर हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर धरतो. म्हणून पहिल्या दिवसाची पकड महत्त्वाची.

ती पकड बरीचशी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच ठरते, आणि तिथेच आरेखनाची खरी परीक्षा होते. रक्ताने ओले हातमोजे, खोल जखम, शेजारी मज्जारज्जू किंवा नसा. पेचापेक्षा एक मिलिमीटर कमी जाडीचा टॅप, म्हणजे भोकात आधी आटे पाडणारे हत्यार, मारला तर आटे हाडात नीट रुततात. पण पेच एकदा काढून पुन्हा घालावा लागला की पकड उतरते. आट्यांच्या आतला दांडका शंकूसारखा निमुळता असलेला पेच आत जाताना हाड घट्ट दाबतो, मात्र उंची जुळवण्यासाठी तो अर्धा फेरा उलटा फिरवला, तर भिंतीपासून सुटण्याची भीती असते. म्हणून पेचाचे डोके सर्व बाजूंना वळणारे हवे, म्हणजे दांड्यासाठी पेच मागे-पुढे करावा लागत नाही.

त्या डोक्याच्या दोन कानांमधल्या खाचेत दांडा दाबून धरणारा झाकणपेच ही माझी आवडती डोकेदुखी. तो तिरका बसला तर आटे जातात, आणि इंग्रजी व्ही आकाराचे आटे असतील तर घट्ट करताना ते डोक्याचे दोन्ही कान बाहेर ढकलून फाकवतात. चौकोनी आटे तसा बाहेरचा जोर फारसा लावत नाहीत. त्यांच्या आधी बिनआट्याचा एक छोटा गळा ठेवला की झाकण आधी आपोआप सरळ होते, मगच आटे लागतात. हा गळा आमच्या नमुन्यात आणायला मला दोन वर्षे भांडावे लागले, कारण त्यामुळे डोक्याची उंची वाढते आणि बारीक माणसाच्या पाठीत ते हाताला लागते.

विरळ हाडासाठी पेचाच्या टोकाशी छिद्रे ठेवून त्यांतून हाडाचे सिमेंट सोडण्याचा उपाय आहे. त्याने डुलणे बरेच कमी होते, पण सिमेंट शिरेत गेले तर फुप्फुसापर्यंत पोहोचू शकते, आणि पुढे पेच काढायची वेळ आलीच तर फार कठीण जाते. आत गेल्यावर टोकाशी फुलणारे पेचही मिळतात. ते मला पटत नाहीत, कारण फुललेली वस्तू पुन्हा मिटेलच याची हमी कोण देणार?

सुतारकाकांनी आकड्याचे भोक छिन्नीने चौकोनी केले, फणसाच्या लाकडाची गिट्टी ठोकून बसवली आणि आकडा तिच्यात फिरवला. आईच्या बाबतीत डॉक्टरांनी सांगितले की वरच्या दोन मणक्यांत हाड धरले आहे, दुखतही नाही, तेव्हा सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढू आणि तोवर विहिरीवरून हंडा आणायचा नाही. हंड्याबद्दल ती अजून माझ्याशी वाद घालते.